आप्पा ताटावरून उठले की गल्ली पळायची

माणसाच्या शरीरात हृदयाचे लाड जरा जास्तच झालेत. कुणाचं जुळलं तर हृदय, कुणाचं तुटलं तर हृदय. त्याच्या जरासं खाली अन्ननलिका पोटाला मिळते ती जागा आहे, तिच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. बरं, नावसुद्धा तिला स्वतःचं नाही. शेजारी हृदय राहतं म्हणून पुस्तकवाल्यांनी तिला ‘कार्डियाक स्फिंक्टर’ करून टाकलं. हृदयाशी तिचा काडीचा संबंध नाही. ती बिचारी स्नायूंची एक आवळलेली कडी. घास आला की सैल व्हायचं, घास गेला की आवळायचं, आणि आपण लोळत पडलो तरी पोटातलं आंबट पाणी वर येऊ द्यायचं नाही. एवढंच काम, पण जन्मभर, बिनसुट्टीचं.

लातूरच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवून माझी निम्मी हयात गेली. हा धडा आला की माझा आवाज चढतो. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात, ‘मॅडम पोटावर आल्या, आता गप बसा.’ चढणारच आवाज! या दोन बोटं जागेपायी आमच्या घराची वर्षभर गल्लीत शोभा झाली. माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेले आणि मी, हीच आकृती काढून पाचपैकी पाच मार्क घेणारी शहाणी, त्यांच्यासमोर बसून भाकर मोडत होते.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होते. लातूर शहर बचावलं. गाडली गेली ती औशाच्या पुढची गावं. आमच्या भाड्याच्या खोलीला एक भेग गेली, तेवढंच. पण नंतर कितीतरी महिने जमीन मधूनच अंग झटकायची आणि माणसांची झोप उडायची. एका लाईनीत सहा खोल्या, समोर एकच अंगण, आणि सहाही घरं अंगणात पथारी टाकून. धक्का कळावा म्हणून घराघरात तांब्यावर तांब्या रचून ठेवलेला. मांजर गेलं तरी तांब्या पडायचा आणि सहा घरं मारुतीच्या पाराकडे पळायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. त्यांना भूकंपाच्या गावांत ड्यूटी लागली. मेलेल्यांची नावं लिहून घ्यायची, मागे कोण राहिलं ते लिहायचं. महिनाभरानं परत आले तेव्हा निम्मे झाले होते. आणि जेवताना एक नवीनच प्रकार सुरू झाला. दोन घास नीट खायचे, तिसऱ्याला थांबायचे, डोळे मोठे व्हायचे, आणि ताडकन ताटावरून उठायचे. दोन्ही हात वर, मान मागे, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे आणि अंगणात जाऊन टाचा आपटत उभे राहायचे.

आता तुम्हीच सांगा, धक्क्याच्या त्या दिवसांत जेवता जेवता माणूस हात वर करून बाहेर पळाला तर लोक काय समजतील?

शेजारच्या खाला सगळ्यांत आधी समजल्या. त्यांचं दार आमच्या दाराला लागून, आवाज मशिदीच्या भोंग्याला भारी. “अगे माँ! भाईसाब उठ्ये! भागो!” झालं. हातात लाटणं असलेली लाटण्यासकट, न्हाणीतला साबणासकट, सगळी लाईन अंगणात. पाच-दहा मिनिटं आभाळाकडे बघायचं, काही होत नाही म्हटल्यावर आत जायचं. आप्पांना कुणी एका शब्दानं बोलायचं नाही. “तिथलं बघून आलाय माणूस, धास्ती घेतलीय त्यानं,” एवढं म्हणून लोक चुकचुकायचे.

इथवर ठीक होतं. पण एका दुपारी आप्पा ताटावरून उठले, लाईन बाहेर आली, आणि खरोखरच धक्का बसला! बारकाच, पण सगळे तांबे खाली. त्या दिवसापासून आमच्या बापाचा भाव वधारला. धास्तीवाला कारकून एका दुपारीत अंतर्ज्ञानी झाला. पलीकडच्या गल्लीतून माणसं विचारायला यायला लागली, “आज उठले का हो आप्पा?” आम्ही ‘उठले’ म्हटलं की ती सायकलवर टांग मारून आपल्या घरच्यांना सांगायला सुसाट.

आप्पा काहीच बोलायचे नाहीत. हो नाही, की नाही नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण ही कीर्ती माझ्या क्लासपर्यंत पोहोचली होती.

क्लास म्हणजे मोकळ्या प्लॉटवर ठोकलेलं पत्र्याचं शेड. भूकंपानंतर स्लॅबखाली पोरं बसवायला आईबाप तयार नव्हते. सरांनी ते बरोबर हेरलं. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, हीच त्यांची जाहिरात. रेणापूर, उदगीर, नांदेडकडून आलेली पोरं त्या शेडमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसायची, कारण लातुरात बसलं की डॉक्टर होतं अशी तेव्हा नुकतीच हवा सुरू झाली होती. बारावीत पचनसंस्थेची आकृती सरांनी आमच्याकडून शंभरदा काढून घेतली असेल. टेबलावर गजराचं घड्याळ, चार मिनिटांत आकृती, नावं फक्त उजव्या बाजूला, रेघा पट्टीनंच. कार्डियाक स्फिंक्टरची रेघ तिरकी गेली की सर हातावर डस्टर हाणायचे.

एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, ते उघडलंच नाही तर?”

“तर काय? बोर्ड ते विचारत नाही. पुढं चला.”

सगळं शेड हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. आणि जाता जाता सर मला म्हणाले, “घरी आप्पांना विचारून ये गं, उद्या टेस्ट घ्यावी का पुढं ढकलावी.” पुन्हा शेड हसलं. या वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, पुन्हा उन्हाळा आला, पुढचा पावसाळाही सरला. आप्पांच्या पट्ट्याला आई खिळा तापवून नवी भोकं पाडत होती. कधीकाळी लग्नाच्या पंगतीत आचारी ज्यांना बघून बुंदीची परात मागं सरकवायचा, तो माणूस आता अर्धी भाकर तासभर पुरवत होता. छातीत अडकतं म्हणाले तर एका डॉक्टरनं हृदयाची पट्टी काढली. पट्टी छान आली. दुसऱ्यानं अॅसिडिटीच्या गुलाबी गोळ्या दिल्या. आईनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. खाला दर्ग्यातून फुंकलेलं पाणी घेऊन आल्या. ते आप्पा उभ्यानं प्यायले आणि खाली उतरावं म्हणून दोनदा उड्या मारल्या. खाला घाबरून बाहेर पळाल्या, लाईन त्यांच्यामागं.

एका शनिवारी अशाच पळापळीत खालांचा पाय मुरगळला. लोकांनी त्यांना खांद्यावर घालून आणलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझं डोकं फिरलं. तोंडावर बारावी आणि माझा बाप म्हणजे गल्लीचा तमाशा!

रविवारी दुपारी ताट वाढलं तेव्हा मी आप्पांच्या समोर बसले. म्हटलं, “आज उठायचं नाही. गड्यामाणसासारखं बसून जेवायचं. जगात काय तुम्हालाच एकट्याला भूकंप झालाय? ज्यांची घरंदारं गेली ती माणसं सुद्धा बसून जेवायलीत. भित्रेपणाला काही सुमार?”

आई म्हणाली, “तोंड आवर.” आप्पा म्हणाले, “बरोबर हाय तिचं.” आणि बसून राहिले.

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला थांबले. डोळे मोठे झाले. कपाळावर घाम आला. डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर दाबून धरली, पण उठले नाहीत. माझ्याकडे बघत होते. चौथा घास त्यांनी माझ्याकडे बघतच तोंडात घातला, आणि सगळं ताटात परत आलं.

ते पुढे कितीतरी वेळ खोकत होते. आईनं त्यांना तोंड धुवायला नेलं, ताट उचललं, मोरीवर बसली, आणि तिथूनच तिनं मला हाक मारली. वेगळ्याच आवाजात.

“इकडं ये गं. हे ओकारीवाणी न्हाई. वास घे.”

“शी! आई!”

“घे म्हणते ना. आंबूस वास हाय का सांग. भाकर जशी चावली तशीच्या तशी. आन् हे बघ, सकाळचं पोहे. पोहे बी तसंच. पोटात गेलेलं दुपारपतूर असं ऱ्हाईल का?”

शाळेची चौथी पास बाई मोरीवर बसून बोलत होती, आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर घासलेली मी ऐकत होते. जठरात गेलेल्या अन्नात आम्ल मिसळतं. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. आंबट नाही, म्हणजे ते जठरात पोचलंच नाही. सकाळचे पोहे आठ वाजल्यापासून एक वाजेपर्यंत कुठं होते मग? वही उघडली. माझ्याच सुबक अक्षरात, पट्टीनं मारलेल्या रेघेच्या टोकाला त्या जागेचं नाव लिहिलेलं होतं. मी वहीवर डोकं टेकून रडले. मग उठून तोंड धुतलं आणि आप्पांना म्हटलं, नांदेडला चला.

“मला धास्ती हाय. बाकी काही न्हाई,” आप्पा म्हणाले. ते एवढे हटून बसले की मला नवल वाटलं. शेवटी आईनं हुकूम सोडला. नांदेडला मामा रेल्वेच्या ऑफिसात होते, त्यांच्या ओळखीचे पोटाचे एक डॉक्टर होते. आई मला म्हणाली, “तूच जा. तुला त्यांची भाषा कळती.” टेस्ट बुडवली म्हणून सर कडाडले ते वेगळंच. एसटीत अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. भजी आली, केळी आली, त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कधीपासून अडकतं?”

“भूकंपापासून,” मी म्हटलं.

“न्हाई,” आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. “त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासून.”

“काय?” मी म्हटलं. तेवढ्यात त्यांना आत नेलं, खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजलं आणि फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. अन्ननलिका वर पडवळासारखी फुगलेली, आणि खाली पोटाच्या तोंडाशी गाजराच्या टोकासारखी निमुळती होत बंद. पांढरं पाणी तिथंच तुंबून राहिलेलं.

“हे दार धड आहे,” डॉक्टर म्हणाले. “फक्त त्याला उघड म्हणून सांगणाऱ्या नसा गेल्यात. घास येऊन वर थांबतो, ह्याला कळतच नाही. तुम्ही उभे राहत होता, पाणी ओतत होता, ते बरोबर करत होता. वजनानं थोडं रेटलं जातं. नाहीतर याआधीच अंथरुणाला खिळला असता.”

“गाठ न्हाई ना?” आप्पांनी विचारलं.

“दिसत नाही.”

“नक्की न्हाई ना?”

“दुर्बीण घालून बघायलाच लागेल. पण असल्या फोटोत गाठ सहसा नसते. तोंड रुंद केलं की जेवाल.”

आप्पांनी तिसऱ्यांदाही विचारलं. मग बाहेर येऊन बाकावर बसले आणि पायांतल्या चपला काढून ठेवल्या, घरी आल्यासारख्या. मामा रिक्षा बघायला गेले. मी आप्पांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले. “आदल्या उन्हाळ्यापासून? आणि आम्हाला पत्ता नाही?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. भोकरचे माझे मोठे चुलते पोटाच्या दुखण्यानं गेले असं आम्हा पोरांना माहीत होतं. त्यांना अन्ननलिकेची गाठ होती. आधी भाकर अडायची, मग भात, मग पेज, शेवटी पाणी. आप्पांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. स्वतःचा घास पहिल्यांदा अडला त्या दिवशी त्यांनी ओळखलं, आपलाही नंबर आला. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आईनं हाय खाल्ली असती. माझं शिक्षण मागं पडलं असतं. चोरून जेवायचे, कचेरीच्या मागं जाऊन उड्या मारायचे. कधीतरी उघडं पडणारच होतं.

“आन् भूकंप झाला,” आप्पा म्हणाले. “मी एकेका घरातली पाच-पाच नावं लिहायचो. दुपारी जेवणावरून उठलो की साहेब म्हणायचे, जा, बस सावलीला, तुला सोसना. लोकं पाठीवर हात फिरवायची. मला काय वाटलं सांगू? बरं झालं वाटलं. आता कुणी इचारणार न्हाई. त्यांची घरं गाडली, आन् मला निमित्त घावलं.”

मला भयंकर राग आला. भूकंपाच्या माणसांसाठी आला, आईसाठी आला, आणि दीड वर्ष मरण उराशी धरून, भित्रा म्हणवून घेत गप्प बसलेल्या या माणसासाठी तर सगळ्यांत जास्त. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांत मी होते. मी त्यांच्याशी लातूर येईपर्यंत बोलले नाही. फक्त लोह्याला एसटी थांबली तेव्हा पेलाभर ताक आणून हातात दिलं आणि म्हटलं, “उभे राहून प्या.”

मामांनी हैदराबादला नेलं. तिथं दुर्बीण घालून बघितलं, गाठ नव्हती. घशातून फुगा सोडून त्या जागी फुगवला आणि आवळलेली कडी ताणून सैल केली. एवढंच. दीड वर्षाचं मरण पाऊण तासात निकालात निघालं. आप्पा बसून जेवायला लागले. पहिल्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. आई म्हणाली, “बास, नजर लागंल,” आणि पदरानं डोळे पुसत चुलीपुढं गेली. खाला दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “अब भूकंप का हमकू कौन बतायेगा?”

माझं मेडिकल थोडक्यात हुकलं. त्याचं खापर मी बरीच वर्षं सरांवर फोडलं.

परीक्षा झाल्यावर आप्पा म्हणाले, तिकडच्या एका गावाला जायचंय, चल. एका म्हाताऱ्याच्या घरातली पाच नावं त्यांनी लिहिली होती. मुलगा, सून, तीन नातवंडं. आप्पांना त्याला खरं सांगून टाकायचं होतं. त्या दिवसांत म्हाताऱ्यानंच त्यांना सावलीत बसवून वारा घातला होता, आणि तो वारा अजून अंगावर आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, “सांगाच. सांगायलाच पाहिजे.” खोटेपणाची मला मनस्वी चीड, आणि त्या वयात तर मी चिडीचा अर्कच होते. वाटेत एसटीत मी दोनदा बजावलं, आडवळणं घेऊ नका, सरळ सांगा.

गाव जुन्या जागी नव्हतंच. माळावर पत्र्याच्या शेडची वसाहत होती, उन्हानं फणफणलेली. म्हातारा-म्हातारी दोघंच. म्हाताऱ्यानं आप्पांना लगेच ओळखलं. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाला. म्हातारीनं भाकरी थापल्या, तुरीचं वरण, शेंगाची चटणी. आम्ही तिघं बसलो. आप्पा माझ्याकडे बघत होते, मी डोळ्यांनीच म्हटलं, बोला.

आप्पांनी घसा खाकरला. “बाबा, त्या वक्ताला मी जेवणावरून उठायचो बघा—”

“इसरतंय व्हय?” म्हातारा म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. “पोरी, लई साहेब आलं. लिहून घेतलं, जेवलं, गेलं. त्येंचं काम हाय, त्येंचं चुकलं असं न्हाई. पर आमच्या लेकरांची नावं लिहून झाल्यावर ज्येच्या गळ्याखाली घास उतरला न्हाई, असा ह्यो एकच. ताटावरनं उठला, आभाळाकडं दोनी हात केलं, आन् देवाला जाब इचारला. मला त्या टायमाला रडूच येत नव्हतं. ह्येला बघितलं आन् मग आलं.”

म्हातारी चुलीपुढून म्हणाली, “आमी अजून नाव काढतो तुमचं.”

आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. “न्हाई बाबा,” ते म्हणाले, “तसं न्हाई, मला तर—”

मी वरणाची पळी उचलली आणि त्यांच्या ताटात ओतली, भाकरीवरून, हातावरून, सांडलं तरी ओतली.

“जेवा आप्पा,” मी म्हटलं. “गार होतंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांनी तो घास तोंडात घातला आणि चावत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी गालांवरून ताटात पडत होतं, आणि ते पुसत नव्हते, उठतही नव्हते. घास गिळत होते, दुसरा घेत होते.

म्हातारी काळजीनं पुढं आली. “तिखट लागलं का वो साहेबास्नी?”

“हाव आजी,” मी म्हटलं. “लई तिखट हाय.”